पाहुणीसाठी केलेली वाट

म्हाळसाबाईला गाळाची भीती वाटायची. वस्तीवर हे कुणाला सांगून पटलं नसतं, कारण वस्तीवरची निम्मी माणसं म्हाळसाबाईलाच भ्यायची. लांडगा मेंढरांच्या वाघरीत, जाळीच्या कुंपणात, शिरला तेव्हा ती कुऱ्हाड घेऊन एकटीच त्याच्या मागं धावली होती आणि परत येऊन भाकरी थापायला बसली होती. पण वैशाखात येलदरी धरणाचं पाणी माघारी सरकायला लागलं, काठाचा काळा गाळ उघडा पडायला लागला, की हिचं अन्नावरचं मन उडायचं.

हा गाळ दिसायला अगदी साधा. वरून उन्हानं वाळलेली, तडे गेलेली पापडी. खुशाल बाज टाकून पडावं असं बघणाऱ्याला वाटायचं. पाय ठेवला की पापडी मोडायची आणि खालचा मऊ, थंड गाळ पाय धरून ठेवायचा. ओढला तर पाय निघायचा नाही, दुसरा मात्र आत जायचा. माळावरच्या धनगरवस्तीला दुसरं पाणी नव्हतं. बोअर चैत्रातच बंद पडलेली. माणसांसाठी कधीमधी टँकर यायचा, पण मेंढरांना टँकर कोण देणार? दुपार झाली की मेंढरं पाण्यावर उतरवावीच लागायची.

घरात मेंढरांमागं जाणारं माणूसही आता एकच उरलं होतं, सून चंदा. म्हाळसाबाईचा म्हातारा नवरा येडबा गुडघ्यांच्या दुखण्यानं घरी बसला होता. मुलगा अमृत जिंतूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर मजुरीला जायचा, तो अंधार पडता परत. तिची स्वतःची कंबर चढउतार सोसत नव्हती. त्यामुळं लग्नाला दोन वर्षं झालेली ती हडकुळी, हसरी पोर काठी खांद्याला टाकून रोज काठावर उतरायची आणि ती परत चढून येईपर्यंत सासूची नजर उतारावरून हलायची नाही.

त्याला कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात एक गाभण मेंढी गाळात रुतली आणि तिला ओढायला म्हणून चंदा पापडीवर गेली. बघता बघता कमरेच्या वर गेली. येडबा तेव्हा जरा चालता होता. त्यानं घोंगडं पसरलं, त्यावर पालथा पडला आणि चऱ्हाट फेकून तिला ओढून काढलं. मेंढी गेली. म्हाळसाबाई काठावर उभी होती. पुढं व्हावं असं तिला वाटत होतं, पण पाय जागचे हलले नाहीत. चंदाच्या तोंडावरचे ते पांढरेफटक ओठ तिला अजून दिसायचे.

ही गोष्ट घरानं घरातच ठेवली. चंदाच्या माहेरी कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी भाऊ तिला न्यायला आला असता.

मदतीसाठी केलेल्या अर्जातही ती गोष्ट आली नव्हती. अर्जाची कल्पना बोरी गावच्या जीवनची. जीवन एका लहानशा संस्थेचं काम बघायचा, मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा. पुण्यातल्या लोकांनी मिळून एक धर्मादाय निधी काढलाय, तो खेड्यातल्या सगळ्यांच्या उपयोगाच्या कामाला मदत करतो, एकट्यादुकट्याला देत नाही, असं त्यानं सांगितलं. वस्तीनं मागायचं काय ते लगेच ठरलं. काठावर एक मोटर, तिथून पाइप आणि वर कडक मुरमाच्या जागेवर मेंढरांसाठी लांब हौद. कुणी खाली उतरायचंच नाही.

अमृतनं संध्याकाळी अंगणात बसून फोनवर अर्ज भरला. म्हाळसाबाई शेजारी.

"आडचण काय हाय ते लिव्हा म्हनायलेत," अमृत म्हणाला.

"चंदीचं लिव्ह," म्हाळसाबाई म्हणाली.

बाजेवर पडलेला येडबा उठून बसला. "सून गाळात रुतली, पार लुगडं सुटलं, हे दरखास्तीत लिव्हायलाव का? पुण्याच्या मान्सायला वाचायला? इज्जत हाय का न्हाई घराला?"

"मंग काय लिव्हू, बा?"

"जनावरायला पान्याची गैरसोय व्हते म्हनून लिव्ह. त्येवढ्यानं समजतं शान्या मान्साला."

अमृतनं तसं लिहिलं. इज्जतीचा विषय निघाला की म्हाळसाबाईचंही तोंड बंद व्हायचं.

वैशाख अर्धा सरला तेव्हा निरोप आला. निधीच्या एक मॅडम उद्या जागा बघायला येणार. बऱ्याच वस्त्यांचे अर्ज आलेत, बघून ठरवणार.

वस्तीची झोपच उडाली. आजवर वस्तीवर साहेब म्हणून आला तो वनखात्याचा, तोही दंड करायला. पुण्याची बाई येणार म्हटल्यावर बसवायचं कशावर इथून सुरुवात झाली. खुर्ची मागायला म्हाळसाबाई स्वतः गावात दिनकररावांच्या दारात गेली. दिनकरराव बागायतदार माणूस. त्यांच्या बांधाला मेंढरांनी तोंड लावलं की त्यांचा आवाज माळापर्यंत ऐकू यायचा.

"हौद मागायलेत म्हनं तुमी," ते पान जुळवत म्हणाले. "बसायला खुर्ची न्हाई अन् हौद पायजे."

"एक दिसाची गोष्ट हाय, मालक."

"ने. पन पुसून आनून दे. मेंढराचा वास लय चिकट आस्तो."

म्हाळसाबाईनं खुर्ची डोक्यावर घेतली आणि मान ताठ ठेवून आली. वस्तीवर येऊन तिनं ती आधीच एकदा पुसली, रागारागानं.

मग तिच्या डोक्यात दुसरंच आलं. मॅडम येणार, म्हणजे काठ बघणार. काठ बघणार, म्हणजे गाळात पाय घालणार. शहरातली बाई, तिच्या पायात नाजूक चपला असणार. ती पाहुणी आपल्या वस्तीवर येऊन घोट्याइतकी जरी रुतली, तरी आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आणि कमरेइतकी रुतली तर?

"वाट करावं लागंल," ती म्हणाली.

आणि वस्तीनं वाट केली. उन्हं उतरल्यापासून सगळे राबले. बायकांनी सरपणाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या आणल्या. पुरुषांनी बाभळीच्या फांद्या तोडून आधी त्या गाळावर आडव्या टाकल्या, त्यावर तुराट्या, त्यावर टोपल्यांनी मुरूम. म्हाळसाबाई कडक जमिनीवरून हुकूम सोडत होती. येडबासुद्धा काठी टेकत आला आणि मुरूम सारखा करून गेला. कडक जमिनीपासून पाण्यापर्यंत तांबडी, नीटस वाट तयार झाली. दोन्ही बाजूंनी एकेक चुन्याची रेघ ओढायचंही अमृतच्या मनात आलं होतं, पण चुना नव्हता.

"कशी झाली?" येडबानं विचारलं.

"बेस झाली," म्हाळसाबाई म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

मॅडम आल्या त्या जीवनच्या मागं मोटारसायकलवर. नाव राजेश्री. पन्नाशीच्या, साध्या, उन्हानं लाल झालेल्या. पायात बूट होते. दिनकररावांच्या खुर्चीवर त्या बसल्याच नाहीत, बायकांबरोबर घोंगड्यावर बसल्या. खुर्ची मधे रिकामीच राहिली आणि तिच्याकडं कुणी बघेना. शेळीच्या दुधाचा चहा त्यांनी दोनदा मागून घेतला. अमृत दिवसाची मजुरी बुडवून घरी राहिला होता. तो धडाधड उत्तरं देत होता. म्हाळसाबाई मात्र गप्प. काहीतरी चुकीचं बोललं गेलं आणि हौद गेला तर, या धाकानं ती नुसता चहा पुढं करत होती.

"चला, पाणी बघू," मॅडम म्हणाल्या.

काठावर आल्यावर त्या थांबल्या. मग वाटेवरून सरळ चालत पाण्यापर्यंत गेल्या, वाकून हात ओला केला आणि तशाच परत आल्या. बुटाला मुरूम तेवढा लागला होता.

"वाट तर छान आहे. अर्जात गैरसोय होते असं लिहिलंय ना?"

"कालच केली, मॅडम," अमृत म्हणाला. "समद्यायनं मिळून. तुमी येनार म्हनून."

"एका दिवसात? वा!" त्या मनापासून हसल्या. "म्हणजे तुम्ही तुमच्या श्रमानं प्रश्न बराचसा सोडवलात की. हे मी आवर्जून लिहीन." त्यांनी टिपणं काढली. "कसं आहे, पैसे मर्यादित असतात. पोखर्णीकडं एक वस्ती बघितली, तिथं बायका अक्षरशः चिखलातून जातात. आधी तिथं द्यावं लागेल. तुमचं पुढच्या वर्षी बघता येईल."

जीवननं अमृतकडं बघितलं. अमृतनं बापाकडं. येडबानं खाली. सगळ्यांना एकदम कळलं की काल रात्री आपण काय करून बसलो. आता सांगायचं कसं? मुरूम बाजूला करून दाखवावा तर काठ आधी झाकला कशाला, असं मॅडम विचारणार. झाकला म्हणावं तर लबाडी ठरणार. सोंग करणारी वस्ती म्हणून नाव कापलं जाणार.

तेवढ्यात वरून घंटा वाजल्या. मेंढरांची वेळ झाली होती. जनावरांना पाहुणे कळत नाहीत, त्यांना पाण्याचा वास कळतो. कळप उताराला लागला आणि पुढं चंदा. रोज ती काठावर आली की जपून, काठीनं चाचपत, एकेक पाऊल टाकायची. म्हाळसाबाईनं ते शंभरदा चोरून बघितलं होतं. आज चंदानं काठी खांद्यावरच ठेवली. वाट होती ना! ती पाहुणीकडं बघून हसत, मागं वळून मेंढरांना हाळी देत, बेफिकीर चालत आली.

"किती सुंदर दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

म्हाळसाबाईला काहीच सुंदर दिसत नव्हतं. कळप रुंद होता आणि वाट अरुंद. कडेची मेंढरं मुरूम ढकलत होती, खालच्या तुराट्या उघड्या पडत होत्या. दोन दिवस, फार तर चार, मग ही वाट मधेच बसणार. बसणार ती सांगून बसणार नाही. आणि चंदा अशीच हसत, मागं बघत त्यावरून जाणार. उन्हाळा अजून बाकी होता, पाणी अजून मागं सरकायचं होतं, आणि हौद पुढच्या वर्षी. आपण पाहुणीसाठी सापळा केला आणि पोर त्यात घातली, असं म्हाळसाबाईला वाटलं. मागच्या वर्षीचे ते पांढरे ओठ डोळ्यांपुढं आले.

तिनं चप्पल काढली नाही. लुगडंही वर खोचलं नाही. वाटेच्या कडेवरून तिनं उजवा पाय उचलला आणि पापडीवर ठेवला.

"माय, काय करायलीस!" अमृत ओरडला.

पापडी मोडली. ती आणखी एक पाऊल पुढं गेली. गाळ पोटरीला लागला, गुडघ्याला लागला. वर आग ओकणारं ऊन आणि खाली तो गार, जड, हळूहळू वर चढणारा गाळ. ज्याला ती इतकी वर्षं भीत होती तो हा. भीती काही कमी झाली नाही. उलट छातीत अशी भरली की श्वास आत जाईना. मांडीपर्यंत गेल्यावर तिला वाटलं, आता बास, दाखवून झालं, आणि तिनं पाय ओढून बघितला. पाय आला नाही. दुसरा मात्र आणखी खाली गेला. तोल सांभाळायला तिनं हात टेकले, तर हातही कोपरापर्यंत आत. पदर डोक्यावरून घसरून गाळात पडला.

अमृत चऱ्हाट घेऊन धावला. चंदा मेंढरं सोडून वाटेवर गुडघे टेकून बसली आणि हात पुढं करून रडायला लागली. "आत्याबाई, हात द्या! आवं हात द्या मला!"

"तू मागं सर!" म्हाळसाबाई किंचाळली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "चंदे, मागं सर म्हनते ना! आमृत, थांब. आधी फोटू काढ."

"येडी झालीस का, माय? चऱ्हाट धर!"

"फोटू काढ आधी! मंग वढ." तिनं मान मॅडमकडं वळवली. "मॅडम, बगा. नीट बगा. ही वाट खोटी हाय. तुमचे पाय घान व्हऊने म्हनून केली. म्याच केली, दुसऱ्या कुनाचा दोस न्हाई. खाली हे आसं हाय. मागच्या सालाला ही माजी सून ह्याच्यापरीस वर गेली व्हती, हितं, छातीला टेकलं व्हतं. आमी लिव्हलं न्हाई. लाज वाटली."

येडबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याची मान खालीच होती.

"काढ रे!"

अमृतनं फोन काढला. घाईत पहिल्यांदा नुसतं आभाळच आलं. मग त्यानं आईचा फोटो काढला. मांडीच्या वर गाळात गेलेली, कोपर काळे, डोकं उघडं, केस सुटलेले, तोंड वासलेलं. आयुष्यात तिचे फोटो दोनच निघाले होते, आधारचा आणि अमृतच्या लग्नातला. दोन्हीत तिचा पदर कपाळापर्यंत होता.

मग चऱ्हाट पडलं. तिनं ते काखेखालून घेतलं. जीवन, अमृत आणि चंदा ओढायला लागले. गाळ सोडेना. राजेश्री मॅडम वाटेवर पालथ्या झाल्या, मुरमात छाती टेकून त्यांनी म्हाळसाबाईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. वाट त्या वजनानं कलली, बाभळीच्या फांद्या कडकडल्या, मॅडमचं कोपर गाळात गेलं. त्या क्षणी त्यांच्याही तोंडावरचा रंग उडाला. पण मनगट त्यांनी सोडलं नाही.

म्हाळसाबाई निघाली तेव्हा दोन्ही चपला खालीच राहिल्या. कडक जमिनीवर आणून बसवल्यावर तिला असं कापरं भरलं की येडबानं भर उन्हात तिच्या अंगावर घोंगडं टाकलं.

मेंढरं मात्र निवांत पाणी पीत होती. मॅडमनी हाताचा गाळ मातीत पुसला आणि चंदाकडं वळून विचारलं, "तुझं काय झालं होतं, बाळ? मला सांगशील?"

चंदानं सासऱ्याकडं बघितलं.

"सांग," येडबा म्हणाला. "समदं सांग."

चंदानं सांगितलं. अडखळत, पदराचं टोक पिळत, पण सगळं. ती थांबली तशी मागून सुलाबाई पुढं आली. चार घरं पलीकडची, एरवी तोंडाळ. ती हळूच म्हणाली, "माजा पोरगा बी रुतला व्हता. मागच्या उन्हाळ्यातच. म्या कुनाला बोलले न्हाई." मग आणखी एक बाई बोलली. एकाच माळावर, भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं, आणि एकमेकांचं हे एकमेकांना आज कळत होतं.

जाताना मॅडम म्हणाल्या, "मी एकटी ठरवत नाही, समिती ठरवते. आज खोटं आश्वासन देणार नाही. पण मी जे बघितलं ते सगळं लिहीन. हा फोटो मला पाठवाल?" मग म्हाळसाबाईकडं बघून, "त्यांची हरकत नसेल तरच."

अमृतनं आईकडं बघितलं. तिनं घोंगड्यातून नुसती मान हलवली.

मोटारसायकल दिसेनाशी झाली तसा येडबा उठला. काठावर जाऊन त्यानं काठीनं मुरूम उकरला आणि पहिली तुराटी उपसून बाहेर फेकली. एकेक करून सगळे आले. काल ज्या हातांनी घातली होती त्याच हातांनी वाट काढली. उन्हं कलेपर्यंत काठ पुन्हा होता तसा काळा झाला आणि बघताच धडकी भरवायला लागला. फांद्यांचं काठावर आडवं कुंपण घातलं, म्हणजे कुणी चुकूनही इकडून उतरू नये. उद्यापासून अर्धा दिवस मोडला तरी लांबचा फेरा घेऊन खडकाच्या बाजूनं मेंढरं न्यायची, आणि कुणी एकट्यानं जायचं नाही, असं ठरलं.

संध्याकाळी चंदा सासूचे पाय धुवायला बसली. माणसांच्या पाण्यातला एक तांब्या तिनं त्यासाठी काढला होता. गाळ वाळून पोटऱ्यांना चिकटला होता, खरवडून काढावा लागत होता. म्हाळसाबाईचं कापरं अजून पुरतं थांबलं नव्हतं. तिचा पाय मधेच आपोआप उडायचा आणि चंदा तो घट्ट धरून ठेवायची.

"चंदे."

"काय, आत्याबाई?"

"तू बगितला का गं फोटू?"

"बगितला."

"डोस्क्यावर पदर हाय का?"

चंदाचा हात थांबला. "हाय" हा शब्द अगदी तिच्या ओठावर आला होता. मग तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं.

"न्हाई, आत्याबाई. डोस्कं उघडंच हाय."

म्हाळसाबाईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच. आमृतला म्हनाव, त्योच धाड."